माझ्या ब्रेकला दगड लागत नाही

३ जून, सोमवार

फादर म्हणाले, राग आला की तोंड बंद करायचं आणि वही उघडायची. जे बोलावंसं वाटतं ते लिहायचं. गेल्या वेळी पापनिवेदनाला मी इतका वेळ घेतला की मागे रांगेतल्या बायका उठून घरी गेल्या, त्यावरचा हा उपाय. ठीक आहे. तसा मी रागीट नाहीच. लोक चुकीचं वागतात, एवढंच.

आजचा राग: लोंगिनो. युसेबियाचा थोरला भाऊ, म्हणजे माझा मेव्हणा. पुढचा ट्रक त्याचा, मागचा ट्रेलर माझा. तो ओढतो, मी ट्रेलरचे ब्रेक आणि टायर सांभाळतो. असा आमचा करार, सासूबाईंसमोर तोंडी झालेला. आज दारेसलामहून आला, माझ्या अंगणात ट्रेलर सोडला आणि युसेबियाच्या टपरीवर बसून, तिचीच उगाली, म्हणजे मक्याच्या पिठाचा गोळा, आणि घेवडा खाता खाता, सगळ्या ड्रायव्हरांच्या देखत म्हणाला की किटोंगाच्या घाटात मागच्या डाव्या चाकातून धूर आला. दाजी, सबासबाच्या सुटीपर्यंत ब्रेक सरळ करा, नाहीतर मी दुसरा ट्रेलर जोडतो.

सबासबा म्हणजे सात जुलै. म्हणजे महिनाभर. मला मुदत घालतो! वडिलांचं टोमॅटोचं शेत विकून मी हा ट्रेलर घेतला. ओढणारा नसेल तर ट्रेलर म्हणजे काय? चाकांवरचा ओटा. शेतही गेलं आणि ओट्यावर कोंबड्या. हे त्याला ठाऊक आहे, म्हणून तर तो घेवडा इतका सावकाश चावत होता.

मी तोंड बंद ठेवलं. म्हणजे आधी बोललो, मग ठेवलं.

निश्चय: सबासबाला संपूर्ण इलुला गावात माझ्या ट्रेलरइतके चोख ब्रेक दुसरे नसतील. रोज सकाळी लोखंडी कांब घेऊन प्रत्येक टायर ठोकून बघायचा. रोज.

५ जून, बुधवार

काल टायर ठोकले नाहीत. थंडी होती. थंडीत टायरचा आवाज खोटा येतो.

आज डावं चाक उघडलं. ब्रेकचा ड्रम तापून निळा पडलेला. कारण सरळ आहे, लोंगिनोचा पाय. झुरळ मारावं तसा ब्रेकवर पाय आपटतो. पण त्याला सांगणार कोण? युसेबियाला सांगितलं. ती म्हणाली, दादा चोवीस वर्षं चालवतो आहे. चोवीस वर्षं चूक केली तरी ती चूकच.

बिघाड मी तेवढ्यात ओळखला. मागच्या चार चाकांच्या ब्रेकमध्ये जबरदस्त स्प्रिंग असते. टाकीत हवा असली की ती दबून राहते, हवा गेली की सुटते आणि चाक धरते. ट्रेलर उभा राहतो तो तिच्या जोरावर. आता स्प्रिंगला दाबणारा हवेचा डबा आतून फाटला की स्प्रिंग नीट दबत नाही, चालत्या चाकाला धरून बसते, आणि धूर. उपाय दोन. एक, डबा बदला. दुसरा, मागच्या भोकातून लांब बोल्ट घालून स्प्रिंग आवळून टाका. ती झोपते. धूर बंद. नवा डबा मिळतो फक्त ओनेस्मोकडे. म्हणजे उपाय एकच.

ओनेस्मो न्येन्झा. माझ्या अंगणाचा उतार जिथे संपतो तिथे त्याचं वर्कशॉप. सकाळी डोळे उघडले की पहिलं दर्शन त्याच्या पाटीचं. ‘ब्रेक आणि टायर’ असं लिहिलंय. खाली हवा मोजायच्या मीटरचं चित्र. मला मीटर लागत नाही. मला कान आहेत.

बोल्ट घातला. स्प्रिंग झोपली. एका चाकाची स्प्रिंग नाही, म्हणून चाकाला दगड लावावा म्हटलं. नुसती खबरदारी. अंगणात एकही धड दगड नाही, सगळी माती. युसेबियाच्या चुलीचे तीन दगड आहेत, त्यातला एक अगदी पाचरीच्या आकाराचा. तो घेतला. दोन दगडांवर पातेलं राहतं की. एका बाजूला वीट लावली.

संध्याकाळी घेवडा चुलीत सांडला. सगळा. ड्रायव्हर उपाशी उठले. युसेबिया म्हणाली, रेस्टाचे बाबा, माझा दगड कुठे आहे. रेस्टा, आमची मुलगी, इरिंगाला नर्सिंग शिकते. नाव तिचं, हाका मला. मी म्हणालो, तुझा दगड तुझ्या भावाच्या ट्रकमागचा ट्रेलर धरून बसला आहे, तुझ्याच माहेरची सेवा चालू आहे. ती काहीच बोलली नाही. तिच्या न बोलण्याचा मला फार राग येतो.

८ जून, शनिवार

आजचा राग: काही नाही. सकाळच्या चहापर्यंत.

चहाच्या वेळी कळलं की लोंगिनो काल ओनेस्मोच्या वर्कशॉपमध्ये तासभर बसला होता. विचारलं तर म्हणतो, पुढच्या ट्रकच्या टायरमध्ये हवा भरायला गेलो होतो. हवा! हवा माझ्याकडे नाही का? हातपंप आहे. ट्रकचा टायर भरायला अर्धा दिवस लागतो, पण माणसाच्या हाताने भरलेली हवा.

एक काम झालं. डाव्या चाकाची स्प्रिंग झोपली आणि उजवी जागी, हे मला आवडेना. ट्रेलर एका अंगाला ओढेल. न्याय म्हणून उजवीलाही झोपवलं. शिवाय चारही ब्रेकचे पट्टे जरा सैल केले. चाकालाही श्वास घेता आला पाहिजे.

दगड अजून तिथेच आहे. युसेबियाने दगडाकडे बघत मला जेवायला वाढलं.

१० जून, सोमवार

आज आनंदाची गोष्ट लिहितो. फादरांनी राग लिहायला सांगितलंय, पण आनंदालाही कुठेतरी जागा पाहिजे.

दुपारी हातात मोठा पाना घेऊन टपरीवर गेलो. बाकड्यावरचा एक जाडा ड्रायव्हर मला बघून म्हणाला, “आले, स्पाना म्कोनोनी.” पाना हातात! सगळे हसले, एकाला ठसका लागला. मी पण हसलो. नंतर कळलं, माझ्या मागे सगळे मला हेच म्हणतात. रस्त्यावर मोरोगोरोपर्यंत.

आता, सारखी बिघडणारी, पाना खाली ठेवूच न देणारी खटारा गाडी असते तिला आपल्याकडे ‘पाना हातात’ म्हणतात, हे मला माहीत नाही असं नाही. पण ते गाडीचं झालं. गाडीला म्हटलं तर शिवी, माणसाला म्हटलं तर पदवी. ज्या माणसाच्या हातातून पाना कधी सुटत नाही तो कसला माणूस? कष्टाळू. ओनेस्मोला म्हणतं का कोणी? त्याच्या हातात सदा चहाचा कप.

युसेबियाला सांगितलं. ती पातेल्यात बघून म्हणाली, हो, बरं वाटलं ऐकून. आवाज जरा विचित्र होता. भरून आलं असावं.

१३ जून, गुरुवार

टायर. मागचा उजवा आतला टायर गुळगुळीत झालाय, हात फिरवला तर आरशासारखा. टायर संपला असं लोंगिनो म्हणतो. याला काहीही संपलेलं दिसतं. टायर संपत नसतो, त्याची नक्षी संपते. नक्षी परत कोरता येते.

सुरी चुलीत लाल केली (उरलेल्या दोन दगडांमध्ये) आणि दिवसभर बसून कोरली. नेहमीची नागमोडी नाही. केळीच्या पानाच्या शिरा असतात तशी, मधून एक आणि दोन्हीकडे तिरप्या. पाणी निथळून जाईल. हे मी स्वतः शोधलं. कोरताना एके ठिकाणी आतली तार दिसली. तार आहे म्हणजे टायर मजबूत आहे.

लोंगिनोने बघितलं. बराच वेळ बघितलं. मग म्हणाला, “दाजी, हा टायर आहे की चटई?”

मी वही आणायला घरात गेलो. तो जाईपर्यंत बाहेर आलो नाही. फादरांना सांगायला हवं, उपाय लागू पडतोय.

टायर ठोकायचे राहिले. पण जो माणूस दिवसभर टायरजवळ बसतो त्याने परत ठोकायचे कशाला?

१५ जून, शनिवार

उद्या ट्रेलर माफिंगाहून लाकूड भरून दारेसलामला निघणार. निघण्याआधी मी एक गोष्ट केली. मागच्या चाकांमागे लोंबणारे रबरी मडफ्लॅप कोरे होते. लोकांच्या ट्रेलरवर देवाचं नाव असतं, कुणाच्या आईचं. माझ्या ट्रेलरवर माझी पदवी असावी. रंगाऱ्याला बोलावून दोन्ही मडफ्लॅपवर पिवळ्या अक्षरात लिहून घेतलं, ‘पाना हातात’.

रंगाऱ्याने दोनदा विचारलं की नक्की हेच लिहायचं ना. मी म्हणालो, तुला स्पेलिंग येत नसेल तर सांग. तो खाली वाकून लिहीत होता तेव्हा त्याचे खांदे हलत होते. वारा फार होता.

१९ जून, बुधवार

आज अक्षर वाईट येईल, राग तेवढा आहे.

सकाळी लोंगिनोचा फोन, घाटाच्या मध्यावरून. टायर फुटला. मी विचारलं कोणता. म्हणाला, चटईवाला.

बसने गेलो. मोठा पाना मांडीवर. शेजारची बाई सारखी सरकून बसत होती. पोचलो तर रस्त्यावर ही फांद्यांची रांग! गाडी बंद पडली की मागे दोन-चार फांद्या टाकायच्या, येणाऱ्याला कळावं म्हणून, एवढा साधा रिवाज. याने अख्खी झाडी तोडून पसरली होती. चर्चची झावळ्यांच्या रविवारची मिरवणूक येणार असावी तशी. त्यामुळे प्रत्येक गाडी हळू होत होती, आणि हळू झालेली प्रत्येक गाडी माझा मडफ्लॅप वाचत होती. एका बसमधली माणसं खिडकीतून फोटो काढत होती. लोंगिनो फांद्यांवर बसून शेंगदाणे खात होता.

म्हणाला, नुसता टायर नाही. उतारावर ब्रेक दाबला की ट्रेलर मागून ढकलतो.

मी म्हणालो, ढकलतो म्हणजे मदत करतो.

त्याने शेंगदाण्यांची पुडी गुंडाळून खिशात ठेवली. म्हणाला, “दाजी, या घाटात खाली किती ट्रेलर पडलेत ते वाकून बघा जरा. मला चार पोरं आहेत. तुमच्या बहिणीची नाहीत, तुमच्या बायकोच्या भावाची आहेत, पण पोरं आहेत.”

मी वाकून बघितलं नाही. मला उंचीची चक्कर येते.

पण ते वाक्य परत येताना बसमध्ये डोक्यात फिरत राहिलं. इतका राग आला की उतरायचं ठिकाण मागे गेलं आणि दोन थांबे चालत परत आलो. असं कोणी बोलतं का? मी काय त्याच्या पोरांचा वैरी आहे? उन्हाने टायर फुटला. उतार सरकारने केलाय. आणि कहर म्हणजे जोडलेला टायर ओनेस्मोचा होता. याने आधीच उसना घेऊन ट्रकच्या मागे बांधून ठेवला होता. आधीच! म्हणजे फुटणार असं गृहीत धरलं होतं. अशा माणसाच्या हातात टायर टिकेल कसा?

२४ जून, सोमवार

ओनेस्मो टपरीवर जेवायला आला. मुद्दाम. त्याला घरी बायको आहे, तिला स्वयंपाक येतो. मला बघून उठून उभा राहिला, दोन्ही हातांनी नमस्कार केला, थोरल्यांना करतात तसा. तो माझ्याशी इतकं आदराने वागतो की त्याला चार शब्द सुनवायला जागा सापडत नाही. हा माणूस मुद्दाम चांगला आहे.

म्हणाला, मिस्त्री, एकदा ट्रेलर खाली माझ्याकडे आणा. हवेचे डबे बघून देतो. पैशांचं नंतर बघू.

बाकड्यावर सगळे ऐकत होते. मी पाना टेबलावर ठेवला. ठेवला म्हणजे आपटला. आणि स्पष्ट सांगितलं की माझ्या ट्रेलरचं एकही चाक, मी जिवंत असेपर्यंत, तुझ्या वर्कशॉपच्या जमिनीला लागणार नाही. लागलं तर मी पाना कायमचा खाली ठेवीन.

फार छान वाटलं. असं रोज बोलता आलं तर वहीची गरज पडणार नाही.

ओनेस्मोने घेवडा अजून मागितला.

२६ जून, बुधवार

उरलेल्या दोन स्प्रिंगपैकी एक चिकटायला लागली होती. दोन्ही झोपवल्या. आता चारही झोपल्या आहेत. घाटात धूर येण्याचा प्रश्नच मिटला. सबासबाला लोंगिनो किटोंगा उतरेल आणि एक धुराची रेघ दिसणार नाही. तेव्हा त्याचं तोंड बघायला मी घाटात जाणार आहे. वर उभा राहीन, खाली बघणार नाही.

तोपर्यंत ट्रेलर अंगणात. फेरीहून आला त्या दिवशीच चाकाखाली दगड परत लावला. युसेबियाचा.

नवीन डबे? हो, एकदा मनात आलं. आज दुपारी, झोपण्याआधी. पण ओनेस्मोच्या दारात उभं राहायचं? त्यापेक्षा मी बाजारात भाज्या विकीन.

३० जून, रविवार

फादर प्रवचनात पायाच्या दगडावर बोलले. युसेबियाने माझ्याकडे मान वळवून पाहिलं. चर्चमध्ये!

घरी आल्यावर दगड मागितला. विटेचे दोन तुकडे झालेत, पातेलं रोज कलतं, परवा उकळतं पाणी तिच्या पावलावर सांडलं. पाऊल लाल आहे, मी बघितलं. वाईट वाटलं. पण दगड देता येत नाही हे तिला समजावून सांगायचं म्हणजे का देता येत नाही हे सांगावं लागेल. म्हणून आवाज चढवला. म्हणालो, सबासबापर्यंत थांब.

मी तिच्यासाठी दुसरा दगड शोधून आणणार आहे. उद्या. नदीकाठी चांगले गोल दगड मिळतात.

४ जुलै, गुरुवार

नदीला जाणं झालं नाही. लोकांचं येणं-जाणं चालू आहे, सगळे ट्रेलर बघून जातात. मडफ्लॅपजवळ उभं राहून फोटो काढतात. नाव पसरतंय.

टायर आज ठोकले. तीन ठण् वाजले, म्हणजे हवा भरपूर; बाकीचे थप्. बहुमत महत्त्वाचं नसतं.

६ जुलै, शनिवार

उद्याच्या भाषणाची तयारी केली. लोंगिनोला सगळ्यांसमोर क्षमा करायची. खांद्यावर हात ठेवायचा. जास्त वेळ ठेवायचा नाही.

युसेबियाने विचारलं की ब्रेक खरंच झाले का. तेवढंच विचारलं, खाली बघून, मिरच्या निवडत. तिला म्हणालो, तुझा नवरा कोण आहे? सगळा रस्ता त्याला काय म्हणतो? ती म्हणाली, रस्ता काय म्हणतो ते मला माहीत आहे. मी तुम्हाला विचारतेय.

मी म्हणालो, झाले.

७ जुलै, सबासबा

हे मी झाडाखाली बसून लिहितोय. घरात जायचं धैर्य होत नाही.

जसं झालं तसं लिहितो.

सकाळी लोंगिनो आला. ट्रक रस्त्याच्या कडेला लावला. अजून जोडला नाही. टपरीवर सुटीची गर्दी, ड्रायव्हर, चर्चमधून आलेल्या बायका, तो रंगारी, ओनेस्मोसुद्धा, कप घेऊन. लोंगिनो ट्रेलरभोवती एक फेरी मारून आला आणि चाकाखालच्या दगडाला पायाने डिवचलं. म्हणाला, दाजी, स्प्रिंग धरत असेल तर हा कशाला?

मी म्हणालो, खबरदारी.

तो म्हणाला, मला चार पोरं आहेत. मग काढून दाखवा. उभा राहिला तर आत्ता जोडतो आणि आयुष्यभर ओढतो.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. तेव्हा बोलता आलं असतं. आत्ता कळतंय की दोनच शब्द होते, ‘नाही झाले’. पण त्या वेळी ते दोन शब्द आठवेचनात, आणि दुसरेच तोंडातून बाहेर पडले.

म्हणालो, “माझ्या ब्रेकला दगड लागत नाही. युसेबिया, घेऊन जा तुझा दगड.”

ती आली. माझ्याकडे एकदा पाहिलं. मी मान हलवली, हो म्हणून. ती विश्वासाने वाकली हो. दगड ओढून काढला, पदराने पुसला आणि लंगडत चुलीकडे गेली, लाल पावलाने.

ट्रेलर उभा राहिला.

उभा राहिला! माझा माझ्यावर विश्वास बसेना, आणि लगेच बसला. लोंगिनोचा चेहरा पडला. मी भाषण सुरू केलं. क्षमेपर्यंत आलो. आणि शेवटी, शाबासकी म्हणून, पान्याने ट्रेलरच्या अंगावर एक थाप मारली.

ट्रक नसला की ट्रेलर पुढे ज्या लोखंडी पायांवर टेकतो, त्या मातीत रुतलेल्या पायांनी कुरकुर केली. हल्लीच्या ट्रेलरच्या पायांना सपाट पत्रा असतो. माझा जुना, त्याच्या पायांना लोखंडी चाकं आहेत. घेतला तेव्हा त्याचा मला किती अभिमान होता! ती चाकं फिरली. ट्रेलर सुटला. हळू. माणसाच्या चालीने. उतारावर, मागल्या अंगाने.

आणि उताराच्या वाटेवर टपरी होती. चुलीपाशी युसेबिया पाठमोरी वाकून तिसरा दगड बसवत होती.

मी ओरडलो. काय ओरडलो ते माहीत नाही, तिचं नाव असावं. पुढे धावलो, चाकाखाली टोपी टाकली, कोट टाकला, पाना टाकला. टोपीवरून गेलं, कोटावरून गेलं. पाना बोटभर उंच उडाला आणि वाकडा होऊन पडला. लोक हसत नव्हते. तिने मान वळवली तेव्हा ट्रेलरचा कोपरा तिच्यापासून हातभर होता. ती हलली नाही. दगड दोन्ही हातांनी पोटाशी धरून बसून राहिली, आणि ट्रेलर तिच्या बाजूने, बाकडं मोडत, पुढे गेला.

तेवढ्या वेळात मला कुणाचाही राग आला नाही. लोंगिनोचा नाही, ओनेस्मोचा नाही. सगळा राग गेला आणि जागा रिकामी राहिली, आणि त्या जागेत नुसती ती बसलेली.

ट्रेलर उतरत गेला. ओनेस्मोच्या फाटकातून आत शिरला, सरळ, जणू रोज येतो. आवारात जुन्या टायरांचा ढीग आहे, त्यात मागल्या अंगाने बसला आणि थांबला. मडफ्लॅप वर आले आणि रस्त्याकडे तोंड करून राहिले.

मग लोंगिनो खाली बघत ओनेस्मोला म्हणाला, “स्वतःहून आलाच आहे, तर बघून टाका.”

१० जुलै, बुधवार

दोन दिवस काही लिहिलं नाही. लिहिण्यासारखा राग नव्हता.

ओनेस्मोने चारही डबे बदलले, दोन टायरही. माझे चार बोल्ट एका डब्यात घालून त्याने पाठवले. युसेबियाने ते माझ्या ताटाशेजारी ठेवले, मिठाच्या वाटीसारखे, आणि उगाली वाढली. तिने काही विचारलं नाही. मी स्वतःच सांगितलं. चारही झोपवल्या होत्या, आणि मला माहीत होतं. ती म्हणाली, मला कळलं होतं. मी विचारलं, कधीपासून? म्हणाली, तुम्ही मान हलवलीत तेव्हा. मग दगड का काढलास? म्हणाली, तुम्ही हो म्हणालात.

मी बोल्टांचा डबा ताटाजवळून उचलून जमिनीवर ठेवला.

लोंगिनो ट्रेलर ओढणार आहे. ओढेल. अट एकच, ब्रेक आणि टायरला मी हात लावायचा नाही. उद्या लाकूड भरायला जाणार. मी सगळ्यांसमोर शपथ घेतली होती तेव्हा बाकड्यावर बसलेल्यांपैकी कोणीही ती विसरलेलं नाही, हे आज संध्याकाळी कळलं. रंगारी परत आला होता. लोंगिनोने मडफ्लॅपवरचं जुनं पुसून नवीन लिहायला सांगितलं, ‘पाना खाली’. या वेळी रंगाऱ्याने एकदाही विचारलं नाही.

वाकडा पाना खिळ्याला टांगला आहे.

जेवताना माझ्या लक्षात आलं की चुलीचा तिसरा दगड किंचित डुगडुगतो. खाली थोडी माती घालून पाचर ठोकली तर पक्का बसेल, अर्ध्या तासाचं काम आहे. युसेबियाला तसं सांगितलं.

ती म्हणाली, रेस्टाचे बाबा, हात लावायचा नाही.